फोर्ट मायर्स: एडिसनची रबराची प्रयोगशाळा आणि आवारातल्या जुन्या इमारती. बाबांना काय दाखवू?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी,

आम्ही टँपाला राहतो. येत्या फेब्रुवारीत माझे आईबाबा सांगलीहून तीन महिन्यांसाठी इकडे येताहेत. बाबांनी कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये ३४ वर्षं लॅब असिस्टंट म्हणून काम केलं. द्रावणं तयार करणं, ब्यूरेट लावून देणं, काचसामान धुऊन पालथं घालणं, प्रॅक्टिकलच्या परीक्षेआधी रात्री उशिरापर्यंत थांबून टेबलं मांडणं, यात त्यांचं आयुष्य गेलं. गेल्या खेपेला त्यांना ऑरलँडोच्या एका थीम पार्कला नेलं, तर ते दिवसभर सावलीतल्या एका बाकावर बसून होते. तक्रार केली नाही, पण माझ्या मनाला ते लागून राहिलंय. या वेळी त्यांच्या जिव्हाळ्याचं काहीतरी दाखवायचं आहे.

फोर्ट मायर्स आमच्यापासून गाडीने सव्वादोन तासांवर. तिथे थॉमस एडिसन आणि हेन्री फोर्ड यांची हिवाळ्यात राहायची घरं शेजारी शेजारी आहेत. मी एकदा ऑफिसच्या लोकांबरोबर गेले होते. व्हरांड्यातून खोल्या बघितल्या, वडाखाली फोटो काढले, आणि प्रयोगशाळेच्या दाराशी पोचेपर्यंत सगळ्यांना भूक लागली म्हणून निघालो. दारातून क्षणभर लांबच लांब टेबलं आणि त्यांवरचं काचसामान दिसलं. तेव्हाच वाटलं होतं, इथे बाबा हवे होते.

तर विचारायचं ते हे. एडिसन म्हटलं की आपल्याला दिवा आणि फोनोग्राफ आठवतो. मग ही झाडापाल्याची प्रयोगशाळा त्याने कशासाठी काढली? आत बाबांना नेमकं काय दाखवू? आणि आवारात केअरटेकरचं घर, छोटी अभ्यासिका, गॅरेज अशा बऱ्याच लहान इमारती आहेत, त्यांतल्या कोणत्या चुकवू नयेत? बाबांचा डावा गुडघा दुखतो, सलग दोन तासांपेक्षा जास्त चालणं जमत नाही. त्यामुळे कुठून सुरुवात करावी हेही सांगा.

पुनर्वसू

आम्ही मुलांना घेऊन गेलो होतो. मुलांना वड आणि फोर्डच्या जुन्या गाड्या आवडल्या. नदीकाठ सुंदर आहे, तिथे निवांत बसता येतं. लॅब आम्ही दहा मिनिटांत उरकली, कारण मला स्वतःला त्यातलं काही सांगता येईना. इथे कोणी नीट लिहिलं तर मलाही पुन्हा जायचं आहे. सकाळी लवकर जा. फेब्रुवारीतसुद्धा दुपारचं ऊन लागतं.

चीकवाला

कृष्णाकाठताई, मी नदीच्या पलीकडे, केप कोरलला राहतो. माझी नोकरीची सगळी वर्षं रबरात गेली, आधी ठाण्याला आणि मग ओहायोत ॲक्रनला. निवृत्तीनंतर इथे आलो ते बायकोच्या सांधेदुखीसाठी, पण आता मी त्या आवारात वर्षातून सात-आठ वेळा तरी जातो. तुमच्या बाबांबद्दल वाचलं आणि जरा सविस्तर लिहावंसं वाटलं.

आधी रस्ता सांगतो. मॅकग्रेगर बुलेव्हार्ड या आवाराचे दोन भाग करतो. नदीच्या बाजूला घरं, आणि रस्त्याच्या अलीकडे तिकीटघर, म्युझियम, वड आणि प्रयोगशाळा. बहुतेक लोक आधी रस्ता ओलांडून घरं बघतात आणि दमल्यावर प्रयोगशाळेत येतात. तुम्ही उलटं करा. गाडी लावली की थेट प्रयोगशाळा. बाबांच्या गुडघ्यातली ताकद तिथे खर्च होऊ दे. मग वडाखाली बसा, डबा खा, आणि जमलं तर पलीकडे जा.

आता झाडपाला कशाला, ते. १९२२ साली इंग्रजांनी मलाया आणि सिलोनमधून बाहेर जाणाऱ्या रबरावर बंधन घातलं. स्टीव्हन्सन योजना म्हणतात ती हीच. भाव कडाडले. जगातल्या रबराचा मोठा हिस्सा तेव्हा अमेरिका वापरत होती, कारण रस्त्यावर मोटारी आल्या होत्या, आणि स्वतःच्या जमिनीवर मात्र तिच्याकडे रबर जवळजवळ नव्हतंच. उद्या युद्ध झालं आणि जहाजं अडली तर? फोर्डला चाकांची काळजी, हार्वे फायरस्टोनला टायरच्या कारखान्याची, आणि एडिसनला नवा प्रश्न हवाच होता. १९२७ मध्ये तिघांनी प्रत्येकी २५,००० डॉलर घालून एडिसन बोटॅनिक रिसर्च कॉर्पोरेशन काढलं. एडिसन तेव्हा ८० वर्षांचा होता. १९२८ साली ही प्रयोगशाळा उभी राहिली.

त्याच्या अटी स्पष्ट होत्या. झाड अमेरिकेच्या हवेत वाढलं पाहिजे. रबराच्या झाडाला खाच मारण्याजोगं व्हायला सहा-सात वर्षं लागतात, तेवढी वाट बघायची नाही, वर्षभरात पीक हातात आलं पाहिजे. आणि गवतासारखं यंत्राने कापता आलं पाहिजे, कारण मलायातल्यासारखे हजारो मजूर इथे परवडणार नव्हते. मग देशभरातून पाला गोळा करणं सुरू झालं. सुमारे १७,००० नमुने तपासले गेले. रस्त्याच्या कडेचं तण, दलदलीतली झुडपं, सगळं.

आपल्याकडे रबर समजावून सांगायला एक शब्द पुरतो: चीक. फणसाचा चीक, रुईचा चीक, शेराचा चीक. पान तोडलं की पांढरा थेंब येतो, तो बोटांत चोळला की चिकटतो, वाळला की ताणतो. मी ठाण्याच्या लॅबमध्ये लागलो तेव्हा माझ्या वरिष्ठांनी पहिल्या दिवशी फणसाचं पान तोडून हातात दिलं होतं आणि म्हणाले होते, हे आधी समजून घ्या. प्रयोगशाळेजवळचा तो प्रचंड वड फायरस्टोनने दिलेला, १९२५ च्या सुमाराचा. लावला तेव्हा जेमतेम ४ फूट उंच होता, आता त्याचा पसारा एकराच्या आसपास आहे. तोही चिकाच्या शोधातच आला. इथे येणारे आपले लोक त्याला बघून हरखतात, मीही हरखलो होतो. पण तिथे उभं राहून हे आठवा, की हा आपला वड या आवारात रबराचा उमेदवार म्हणून आला होता आणि त्याची निवड झाली नाही.

निवड झाली ती गोल्डनरॉडची. पिवळे तुरे येणारं, शेवंती-सूर्यफुलाच्या कुळातलं तण. आणि इथेच प्रयोगशाळेची रचना समजायला लागते. गोल्डनरॉडचा देठ मोडा, काही म्हणजे काही टिपकणार नाही. त्याचं रबर पानांच्या पेशींत कणाकणाने अडकलेलं असतं. खाच मारून ते काढता येत नाही. पान वाळवावं लागतं, दळावं लागतं, आणि मग द्रावकाने खेचून काढावं लागतं. म्हणून त्या इमारतीत दळणाची खोली आहे. बऱ्याच लोकांना रसायनशाळेत चक्की कशाला हे कळत नाही आणि ते पुढे जातात. तुम्ही बाबांना आधी तिथेच उभं करा.

पूड झाली की पहिली धुणी ॲसिटोनची. त्यात हरितद्रव्य, तेलं, राळ असलं सगळं निघून जातं, रबर मात्र जागेवर राहतं. मग दुसरी बेन्झीनची, त्यात रबर विरघळतं. बेन्झीन उडवून लावलं की तळाशी जे उरतं ते वजन करायचं. किती ग्रॅम पूड, किती ग्रॅम रबर, टक्केवारी लिहायची, पुढचा नमुना. हे सॉक्स्लेटमध्ये करत. ज्यांनी सॉक्स्लेट पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी: खाली द्रावक उकळतो, वाफ वर जाऊन थंड होते, मधल्या भांड्यात ठेवलेल्या पुडीवर थेंब थेंब पडते, भांडं भरलं की नळीतून आपोआप खाली उतरतं, आणि पुन्हा पहिल्यापासून. तासन् तास. तुमच्या बाबांना हे सांगायची गरज नाही, ते बघताच ओळखतील.

आत रसायनाच्या टेबलांचा मोठा भाग, दळणाची खोली, मशीन शॉप, फोटो धुण्याची अंधारी खोली आणि ऑफिस असे विभाग आहेत. मशीन शॉप घाईने ओलांडू नका. लेथ, ड्रिल वगैरे तिथे आहेत, कारण लागेल ते अवजार आवारातच घडवायचं ही एडिसनची जुनी पद्धत. न्यू जर्सीतल्या त्याच्या मोठ्या प्रयोगशाळेतही हेच होतं. फोर्ट मायर्स तेव्हा लहानसं गाव होतं. चक्कीचं एखादं पातं तुटलं तर नवं मागवून आठवडाभर वाट बघण्यापेक्षा इथेच घडवलेलं बरं.

निकालाबद्दल लोक मला विचारतात, मग शेवटी फसलंच ना सगळं? मला हा शब्द पटत नाही. संकर करून करून गोल्डनरॉड १२ फुटांपर्यंत वाढवलं आणि रबराचं प्रमाण १२ टक्क्यांपर्यंत नेलं. चार-पाच वर्षांत! १८ ऑक्टोबर १९३१ ला एडिसन गेला, त्यानंतरही काम काही वर्षं चालू होतं, पुढे सरकारी कृषी खात्याने ते हाती घेतलं. अडचण रबराच्या रेणूत होती. नैसर्गिक रबर म्हणजे एकाच प्रकारच्या कड्यांची लांब साखळी. गोल्डनरॉडमध्ये कड्या त्याच, पण साखळी आखूड. आखूड काथ्याचा दोर वळला तर काय होतं? ताण आला की सुटतो. तसंच ते रबर चिकट आणि अशक्त होतं. आणि साखळ्यांची लांबी मोजायची साधनं त्या वेळी नुकती कुठे येत होती. पुढे दुसऱ्या महायुद्धात रबर खरोखरच अडलं, अगदी त्या तिघांना भीती होती तसंच. तेव्हा अमेरिकेला कृत्रिम रबराने तारलं.

मी आयुष्यभर रबराची मिश्रणं बनवली. शंभरातली नव्वद टाकून द्यायची असत, आणि त्या नव्वदांची नोंद तितक्याच काळजीने ठेवावी लागे. म्हणून मला ते १७,००० नमुने त्या एका गोल्डनरॉडपेक्षा मोठे वाटतात. २०१४ साली अमेरिकन केमिकल सोसायटीने या प्रयोगशाळेला राष्ट्रीय ऐतिहासिक रसायन स्थळ म्हणून मान दिला. ती पाटी बाबांना वाचून दाखवा.

आता पलीकडची छोटी अभ्यासिका. १८८६ साली एडिसनने इथे विजेच्या प्रयोगांसाठी एक प्रयोगशाळा बांधली होती. १९२८ मध्ये फोर्डने ती अख्खी उचलून मिशिगनला, डिअरबॉर्नच्या आपल्या संग्रहालयात नेली. तिच्या जागी ही एका खोलीची अभ्यासिका आली आणि तिच्याभोवती १९२९ मध्ये एलन बिडल शिपमन या उद्यानरचनाकार बाईंनी चांदण्यातली बाग केली. दिवसाही तिथे गार वाटतं. मला तिथे उभं राहिलं की दोन गोष्टी एकदम जाणवतात. एक प्रयोगशाळा जपण्यासाठी दुसरीकडे गेली, आणि तिची मूळ जागा फुलांनी भरली. फोर्डने केलं ते बरं की वाईट, यावर माझं मन अजून ठरत नाही. इमारत वाचली, पण ज्या नदीच्या वाऱ्यात ती उभी होती तो वारा डिअरबॉर्नला नाही.

चिरेबंदी

चीकवाला काकांनी प्रयोगशाळेबद्दल इतकं छान लिहिलंय की मी फक्त घरांचं बोलते. मी रत्नागिरीत जुन्या घरांच्या दुरुस्तीचं काम करते. बहीण नेपल्सला असल्यामुळे (फ्लोरिडातलं नेपल्स) फोर्ट मायर्सला दोनदा गेले.

केअरटेकरचं घर अजिबात चुकवू नका. या आवारातल्या सगळ्या वास्तूंत मला ते सर्वांत बोलकं वाटलं. एडिसनने १८८५ साली ही १३ एकरांहून थोडी जास्त जमीन सॅम्युअल समरलिन नावाच्या गुरांच्या व्यापाऱ्याकडून घेतली. त्या काळी या भागातून गुरांचे कळप हाकत पुंटा रासाच्या धक्क्यावर नेत आणि तिथून क्यूबाला पाठवत. केअरटेकरच्या घराचा काही भाग एडिसन येण्याआधीपासूनचा आहे. पुढे त्याला गरजेप्रमाणे खोल्या जोडत गेले. आपल्याकडे नाही का, मूळचं दोनखणी घर, मग मुलाच्या लग्नात एक पडवी, मग न्हाणीघर, मग पडवीची खोली. छपराच्या उतारात कुठे बदल होतो ते बघत फिरलं की घर कसं वाढलं ते वाचता येतं. मोठी घरं एका झटक्यात बांधली गेली, त्यांत हे वाचायला मिळत नाही.

मोठ्या घरांचंही एक सांगते. १८८६ साली एडिसन आणि त्याचा मित्र एझरा गिलिलँड यांनी जुळी घरं बांधली. लाकूड उत्तरेला मेन राज्यात कापून, तयार करून जहाजाने इथे आणलं. पुढे मैत्री तुटली. दुसरं घर एडिसनने १९०६ मध्ये विकत घेतलं आणि ते पाहुण्यांसाठी झालं. स्वयंपाकघर आणि जेवणघर याच पाहुण्यांच्या घरात ठेवलं आणि दोन्ही घरं मांडवासारख्या वाटेने जोडली. म्हणजे मुख्य घरात चूलच नाही! धूर, उष्णता आणि वास झोपायच्या खोल्यांपासून दूर. आमच्याकडे मोठ्या वाड्यांमध्ये स्वयंपाकघर मागच्या चौकात ढकललेलं असतं, त्यामागे विचार हाच. रुंद व्हरांडे, वारा आरपार जाईल अशा दारं-खिडक्या, हे बघून तर मला थेट घरी आल्यासारखं वाटलं. समुद्रकाठच्या दमट हवेने दोन्हीकडच्या लोकांना एकच धडा दिलाय.

पोहण्याचा तलाव १९१० चा, एडिसनच्याच कंपनीच्या सिमेंटचा. त्याच्या कडेच्या चहाघरात बाबा टेकू शकतील. आणि तुम्ही फेब्रुवारीत जाताय ना? शेजारचं फोर्डचं घर १९१६ साली घेतलेलं, त्याचं नाव ‘द मँगोज’. आंब्याला तेव्हा मोहोर असतो. आईंना तिकडे न्या.

कृष्णाकाठ

काका, चिरेबंदीताई, डोळे भरून आले वाचताना. सगळं बाबांना फोनवर वाचून दाखवलं. मध्ये दोनदा थांबवून पुन्हा वाचायला सांगितलं. त्यांचे दोन प्रश्न आहेत. ॲसिटोन आधी आणि बेन्झीन नंतर, हा क्रम उलटा केला तर काय बिघडेल? आणि इतक्या नमुन्यांना लागलेलं बेन्झीन ते परत वापरत असतील की टाकून देत असतील?

आई विचारतेय, त्या वडाला प्रदक्षिणा घालता येते का. वटपौर्णिमेला ती इथे नसेल, पण म्हणाली, परक्या मुलखात एवढा मोठा झालेला वड बघितला तर हात जोडल्याशिवाय राहवणार नाही.

चीकवाला

बाबांना नमस्कार सांगा. प्रश्न अगदी काम केलेल्या माणसाचे आहेत.

क्रम उलटा केला तर बेन्झीनमध्ये रबराबरोबर तेलं, राळ आणि हिरवा रंगही उतरेल. शेवटी वजन भरेल, पण त्यातलं रबर किती आणि मळ किती ते कळणार नाही. वाईट म्हणजे चुकीचं झाड चांगलं दिसेल. राळ जास्त असलेलं एखादं झुडूप पहिलं येईल. म्हणून आधी ॲसिटोनने झाडून काढायचं.

द्रावक परत वापरण्याचं म्हणाल तर सॉक्स्लेटचा फायदाच तो, तेच ते द्रावक दिवसभर फिरत राहतं आणि थोडक्यात भागतं. शेवटी ते उडवताना थंड करून पुन्हा धरता येतं. बेन्झीनने रक्ताचा कॅन्सर होतो हे आज आपण जाणतो. आमच्या वेळेपर्यंत त्याच्या जागी टोल्युइन आलं होतं आणि तेही फ्यूम कपबोर्डच्या (वाफा बाहेर ओढून नेणाऱ्या बंद कपाटाच्या) बाहेर उघडायची सोय नव्हती. त्या टेबलांशी दिवसभर उभे राहिलेल्या माणसांचा विचार माझ्या मनात नेहमी येतो.

वडाची वाट आईंना सांगा, सावकाश चालायला हवं. पारंब्यांची खोडं झाली आहेत, त्यामुळे मूळ खोड कोणतं हे शोधत फिरावं लागतं. मुळांवर पाय पडू देऊ नका. २८ सप्टेंबर २०२२ ला इयान चक्रीवादळात नदी उलटी चढून शहरात शिरली, आमच्या गल्लीतली निम्मी झाडं आडवी झाली. आवार पुन्हा उघडलं तेव्हा मी आधी वड बघायला गेलो. उभा होता. हात जोडले मीही.

कृष्णाकाठ

मंडळी, कालच जाऊन आलो. वृत्तांत लिहिल्याशिवाय राहवेना.

काकांनी सांगितल्याप्रमाणे आधी प्रयोगशाळा. बाबा दारात थांबले आणि चपला काढायला वाकले. मी म्हटलं, अहो बाबा, इथे नाही काढायच्या. मग हात मागे बांधून आत आले. ही त्यांची लॅबमधली सवय, दुसऱ्याच्या टेबलाजवळून जाताना हात मागे. दळणाच्या खोलीपाशी दहा मिनिटं उभे राहिले. पूड किती बारीक हवी असेल, फार बारीक झाली तर सॉक्स्लेटमधून द्रावक उतरायला वेळ लागतो, कागद तुंबतो, असं माझ्याशी बोलत होते. मला फारसं कळत नव्हतं, पण मी त्यांना कामाबद्दल इतकं बोलताना पहिल्यांदा ऐकलं. लहानपणी आम्हाला ते घरी काही सांगत नसत. कॉलेजात प्राध्यापकांचं नाव असे, बाबांना सगळे ‘मामा’ म्हणत, एवढंच माहीत.

टेबलांच्या रांगेसमोर मात्र ते गप्प झाले. बऱ्याच वेळाने म्हणाले, “१७,००० नमुने म्हणजे प्रत्येकाला दोन द्रावकं. फ्लास्क, कंडेन्सर, वजनाची बशी. राळ लागलेलं काचसामान साध्या पाण्याने निघत नाही गं. हे सगळं धुतलं कोणी?” मग सिंक कुठे आहे ते शोधायला लागले.

दोन तास तिथेच गेले. गुडघ्याची आठवण मलाच करून द्यावी लागली. वडाखाली बाकावर बसून आईने केलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. आईने प्रदक्षिणा पूर्ण केली, पाऊण तास लागला, कारण ती प्रत्येक पारंबीला हात लावत होती. नंतर रस्ता ओलांडून केअरटेकरच्या घराला बाहेरून चक्कर मारली आणि छताचे उतार बघितले. चिरेबंदीताई, आईला ते तुमच्या आधी कळलं. ती म्हणाली, “हे घर आमच्या मामाच्या घरासारखं वाढलंय, जसजशी माणसं वाढली तसतसं.” अभ्यासिकेची बागही पाहिली. मुख्य घराकडे गेलोच नाही, आणि कोणाला चुटपुटही लागली नाही. आंब्याचा मोहोर लांबून बघितला, वास मात्र आला.

येताना गाडीत बाबांनी माझ्याकडून वही मागून घेतली. सॉक्स्लेटची आकृती काढली, बाण काढून द्रावकाची वाट दाखवली, आणि खाली लिहिलं: ॲसिटोन आधी. आज सकाळी फिरायला गेलो तर रस्त्याच्या कडेचं प्रत्येक तण वाकून बघताहेत आणि मला विचारताहेत, हे गोल्डनरॉड का? पिवळे तुरे शरदात येतात असं वाचलं, तोवर तर ते सांगलीला परत गेलेले असतील. काका, नुसत्या पाल्यावरून ओळखता येईल का?

चीकवाला

ओळखता येतं, पण सवय लागते. आत्ता जमिनीलगत पानांचा झुबका दिसेल, उंच दांडा नंतर वर येतो. रस्त्याच्या कडेला शोधण्यापेक्षा बाबांना आमच्याकडेच घेऊन या. माझ्या अंगणात कुंपणालगत एक वाफा गोल्डनरॉडचाच आहे. गेल्या शरदातली वाळवलेली पानं डब्यात ठेवली आहेत. घरात खलबत्ता आहे, आणि हौस म्हणून घेतलेलं एक लहान सॉक्स्लेट गॅरेजमध्ये पडून आहे. ॲसिटोन मी आणून ठेवतो. बेन्झीन नाही, टोल्युइन मिळेल, तेही दार उघडं ठेवून. रविवार चालेल का, विचारा. काचसामान मी धुऊन ठेवतो, त्यांनी फक्त यावं.